मदतीची हाळी: मुलांबरोबर अजिंक्यतारा, चाळकेवाडी आणि वासोटा

शुक्रवार: अजिंक्यतारा आणि सज्जनगड

दिवाळीनंतरचा आठवडा. फराळाचे डबे अजून अर्धे भरलेले, मुलांना सुट्टी आणि थंडी नुकतीच पडायला लागलेली. पुण्याहून दोन कुटुंबं निघालो. मी, नवरा, आमची थोरली (वय 13) आणि धाकटा (वय 9). शिवाय माझा भाऊ, वहिनी आणि त्यांची सात वर्षांची लेक, म्हणजे माझी भाची. सातारा आधी बघितलेला होता. या वेळी मात्र तिन्ही मुलांच्या गळ्यात एकेक शिट्टी होती, आणि डोंगरात हरवलं किंवा अडकलं तर मदत कशी मागायची हे प्रत्येक ठिकाणी करून बघायचं ठरलं होतं. घरात सोफ्यावर बसवून हे सांगून झालं होतं. मुलं मान डोलावतात आणि विसरतात. वारा तोंडावर येत असताना आणि दम लागलेला असताना एकदा केलं की ते अंगात मुरतं, अशी माझी समजूत.

गुरुवारी रात्री राजवाड्याजवळच्या लॉजवर पथारी टाकली आणि पहाटे अंधारातच अजिंक्यताऱ्याची वाट धरली. गाडी अगदी वरपर्यंत जाते, पण आम्ही चालत गेलो. पहाटे या रस्त्यावर सातारकरांची वर्दळ असते. कानटोप्या घातलेले आजोबा, ट्रॅकसूटमधल्या काकू, भरतीची तयारी करणारी पोरं धापा टाकत पळत असतात. दरवाज्यातून आत गेलो तेव्हा पूर्वेकडे जरंडेश्वराच्या डोंगरामागे लाली फुटत होती आणि खाली शहराचे दिवे एकेक करून मालवत होते. मंगळाईच्या देवळाकडे जाताना हवेत इतका गारवा होता की भाचीच्या तोंडून वाफ निघत होती आणि तिला त्याचंच अप्रूप.

तटावर बसून मुलांना ताराराणींची आणि औरंगजेबाच्या वेढ्याची गोष्ट सांगितली. 1700 साली गड मोगलांकडे गेला आणि त्यांनी त्याचं नाव आजमतारा ठेवलं, इथपर्यंत सगळे ऐकत होते. मग धाकट्यानं विचारलं, "आतल्या लोकांनी बाहेरच्यांना कळवायचं कसं? फोन तर नव्हते." आमचा पुढचा धडा त्यानंच सुरू करून दिला. कोंढाणा घेतल्यावर मावळ्यांनी गडावरच्या पागेला आग लावली आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला, असं बखरीत आहे. ही गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक मुलाला पाठ असते. या डोंगरात इशारत ही जुनी गोष्ट आहे. नगारा, शिंग, तोफ, जाळ. लांबच्या माणसाला कळावं म्हणून आधी ठरवून ठेवलेली खूण. शिट्टीचंही तसंच, असं सांगितल्यावर मुलांचे चेहरे एकदम गंभीर झाले.

शेजारी एक निवृत्त सुभेदार बसले होते. गाव अपशिंगे मिलिटरी, म्हणजे ज्या गावात घरटी एक तरी माणूस फौजेत असं सातारा जिल्हा अभिमानानं सांगतो, ते गाव. मुलांचं चाललेलं बघून ते जवळ आले आणि पहिला प्रश्न त्यांनी मला केला, "शिट्टी गोळीची आहे का बिनगोळीची?" खेळाच्या मास्तरांकडे असते तशी आत गोळी असलेली शिट्टी ओली झाली किंवा तिच्यात कचरा गेला की अडते. डोंगरात बिनगोळीचीच हवी. आणि ती बॅगेत नको, गळ्यात हवी, कारण माणूस पडतो तेव्हा बॅग एकीकडे आणि माणूस दुसरीकडे जातो.

मग त्यांनी मुलांना ओरडायला लावलं. जोरात, पोटातून. धाकटा सात-आठ आरोळ्यांतच घोगरा झाला. "आता शिट्टी मार," म्हणाले. तो दमलेला असूनही शिट्टीचा आवाज पहिल्याइतकाच खणखणीत. माणसाचा कान साधारण 2000 ते 5000 हर्ट्झच्या पट्टीतला आवाज सगळ्यात चांगला टिपतो आणि चांगल्या शिट्टीचा आवाज त्याच पट्टीत असतो. पुस्तकात वाचलेलं हे त्या तटावर कानांनीच पटलं.

किती वेळा वाजवायची, यावर मोठ्यांमध्ये बरीच चर्चा झाली. आल्प्स पर्वतात 1894 पासून चालत आलेली पद्धत अशी: मिनिटात सहा वेळा, म्हणजे दर दहा सेकंदांनी एक, मग मिनिटभर शांत, मग पुन्हा सहा. ऐकणारा उत्तर देतो ते मिनिटात तीन वेळा. अमेरिकेत मात्र तीन शिट्ट्या म्हणजेच मदतीची हाक. म्हणजे एका ठिकाणी जे उत्तर, ते दुसऱ्या ठिकाणी संकट. सुभेदारांचं म्हणणं सरळ होतं, "कोणतीबी धरा, पण घरातल्या समद्यांनी एकच धरा." मी सात वर्षांच्या मुलीचा विचार केला. रडत असलेलं मूल सहा मोजून मिनिटाचा हिशेब ठेवणार नाही. म्हणून आमच्या घरापुरतं ठरलं ते असं: तीन लांब शिट्ट्या म्हणजे "मला मदत हवी", मग वीसपर्यंत मोजत कान देऊन ऐकायचं, मग पुन्हा तीन. मोठ्यांकडून एक लांब शिट्टी म्हणजे "ऐकू आलं, तिथंच थांब." थोरलीला सहाची पद्धतही शिकवली, कारण ती पुढे ट्रेकिंग ग्रुपबरोबर जाईल.

एक सूचना इथंच देते. सराव करण्याआधी आसपासच्या सगळ्यांना सांगा. आम्ही गडावरच्या लोकांना सांगून ठेवलं होतं, तरी दोघं-तिघं "काय झालं?" म्हणून धावत आले. त्यांची माफी मागितली तर एक काकू म्हणाल्या, "वाजली आणि कोणी आलंच नाही, असं व्हायला नको ना." मुलांनी ते ऐकलं, हे फार बरं झालं.

खाली येऊन मिसळ खाल्ली. तर्री लालभडक, पण घशाला न झोंबणारी. भाचीनं नुसता पाव दुधात बुडवून खाल्ला.

दुपारी सज्जनगड. पायऱ्या चढून समर्थांच्या समाधीचं दर्शन घेतलं, पंगतीत आमटी-भात जेवलो आणि धाब्याच्या मारुतीकडे गेलो. गडाचं हे टोक मला फार आवडतं. वारा सुसाट आणि खाली उरमोडीचं पाणी ताटासारखं पसरलेलं. भाऊ आणि धाकटा मुद्दाम खाली धरणाच्या बाजूला थांबले होते. आज आरसा शिकायचा होता.

आरशाचा कवडसा नेम धरून टाकता येतो, हे मोठ्यांनाही फारसं माहीत नसतं. एक हात पुढे ताठ करायचा, दोन बोटं फाकवायची आणि जिथं इशारा पोचवायचा ती जागा त्या फटीत पकडायची. दुसऱ्या हातातला आरसा डोळ्याजवळ धरून आधी कवडसा बोटांवर आणायचा. बोटं उजळली की आरसा अगदी हलके वर-खाली करायचा. कवडसा फटीतून पुढे जातो आणि समोरच्याला झगमग दिसते. थोरलीला हे पटकन जमलं. खालून फोन आला, भाऊ ओरडत होता, "दिसतंय! डोळे दिपले!" मग खालून डब्याच्या स्टीलच्या झाकणाचं उत्तर आलं. एवढ्या मोठ्या दरीत तो इवला ठिपका लुकलुकताना बघून वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "एवढंसं झाकण, आणि माझ्या दीराचा... अगं, तुझ्या लेकाचा पत्ता इथून कळतोय." बोलताना तिचा गोंधळ झाला, पण भावना आम्हा सगळ्यांच्या त्याच होत्या.

आरसा नसला तर स्टीलचं झाकण, जुनी सीडी, बंद मोबाइलची काच, काहीही चालतं. सीडीला मधे भोक असतं, त्यातून नेम धरणं आणखी सोपं. सूर्य अगदी पाठीशी असला तर मात्र हे कठीण. आणि घाटरस्त्यावरच्या गाड्यांकडे कवडसा कधीही टाकायचा नाही. हे मुलांकडून वदवून घ्या.

शनिवार: ठोसेघर आणि चाळकेवाडी

सज्जनगडाच्या फाट्यावरून बोरणे घाट चढून ठोसेघरला जाता येतं. 2024 च्या ऑगस्टमध्ये याच घाटात फोटो काढताना एक तरुणी दरीत पडली होती. होमगार्ड आणि इथल्या रेस्क्यू टीमनं दोर लावून तिला जिवंत वर आणलं. थोरलीला ही बातमी आठवत होती. गाडी थांबवा, फोटो काढू, असं कुणीही म्हटलं नाही.

ठोसेघरला नोव्हेंबरात पाणी कमी होतं, पण दरीत पडणाऱ्या धारेचा आवाज भरून होता. कठड्याच्या दोन टोकांना उभं राहून मुलांनी एकमेकांना हाका मारल्या. काही कळेना. इथं हातांची खूण शिकवली. दोन्ही हात वर उघडून उभं राहिलं तर "हो, मदत हवी". एक हात वर आणि एक खाली, तिरकी रेघ झाल्यासारखं, तर "नको, ठीक आहे". हेलिकॉप्टरमधल्या माणसांनाही हीच खूण कळते. नुसता एक हात हलवला तर लांबचा माणूस समजतो की पोरगं टाटा करतंय.

चाळकेवाडीचं पठार म्हणजे पवनचक्क्यांचं रान. गवत पिवळं पडलेलं, मधेमधे काळा कातळ, आणि वारा इतका की टोपी धरून चालावं लागतं. टपरीवरच्या मावशींकडे चहा आणि कांदाभजी घेतली. भजी गार व्हायच्या आत खाणं हीच तिथली कसरत. मावशींच्या म्हशी पठारावर चरत होत्या आणि त्यांचा नातू तोंडात बोट न घालता नुसत्या जिभेनं अशी शीळ घालत होता की पार खालची म्हैस मान वर करी. आमच्या धाकट्यानं गळ्यातली शिट्टी वाजवून त्याच्याशी बरोबरी करायचा प्रयत्न केला. वाऱ्याच्या दिशेनं वाजवली तर ती लांबवर जाई, वाऱ्याच्या तोंडाला वाजवली तर पन्नास पावलांवर विरून जाई. म्हणून वाजवताना जागेवरच वळून चारही दिशांना वाजवायची, हे दोघांनी मिळून शोधून काढलं.

जमिनीवरच्या खुणाही इथंच केल्या. आकाशातून शोधणाऱ्यांसाठी जगभर ठरलेली अक्षरं आहेत. इंग्रजी व्ही म्हणजे मदत हवी, एक्स म्हणजे वैद्यकीय मदत हवी, बाण म्हणजे आम्ही या दिशेनं निघालोय. प्रत्येक अक्षर निदान अडीच मीटर लांबीचं हवं आणि जमिनीपेक्षा वेगळं उठून दिसायला हवं. वहिनीची पिवळी ओढणी आणि माझी लाल ओढणी अंथरून दगडांनी दाबली. भावानं टेकाडावर जाऊन फोटो काढला. फोटोत व्हीचा लाल पाय स्पष्ट दिसत होता, पिवळा पाय वाळल्या गवतात मिसळून गेला होता. मुलांच्या कपड्यांचं म्हणाल तर खाकी, हिरवा आणि काळा रंग डोंगरात नकोच. आमच्याकडे आता लाल आणि भगव्या टोप्याच घेतल्या जातील.

दुपारनंतर जे झालं ते या सगळ्या प्रवासात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 1981 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डोंगरात नऊ वर्षांचा एक मुलगा हरवला आणि सापडेपर्यंत उशीर झाला. त्याला शोधणाऱ्यांनी त्यानंतर मुलांसाठी एक साधी शिकवण तयार केली: हरवलास असं वाटलं की एका झाडाला बिलगून बस, तिथून हलू नकोस. फिरत राहणारं मूल शोधणाऱ्यांपासून लांब जातं, एका जागी बसलेलं सापडतं. पठारावर झाडं नाहीत, म्हणून एका मोठ्या कातळाला "आपलं झाड" ठरवलं. भाचीला तिथं बसवलं. तिचे बाबा तिला दिसणार नाहीत पण तीस पावलांवर असतील, असे बसले. मावशींना विनंती केली की तुम्ही तिच्या नावानं हाका मारत या.

मावशी हाका मारत गेल्या. कातळाच्या दहा पावलांवरून गेल्या. भाचीनं ना ओ दिली, ना शिट्टी वाजवली. उलट अंग चोरून आणखी आत सरकली.

जवळ घेऊन विचारलं तर म्हणाली, "आई म्हणते, अनोळखी माणसाला ओ द्यायची नाही." आणि थोडं थांबून, माझ्या कानात, "आणि आत्या, मला वाटलं, हरवले म्हणून ओरडा बसेल."

डोंगरात लेकरं शोधणारे लोक हेच सांगतात. हरवलेली मुलं शोधणाऱ्यांपासून लपतात. एक अनोळखी माणसाच्या भीतीनं आणि दुसरं घरच्यांच्या रागाच्या भीतीनं. आपण शिट्टी देतो, आरसा देतो, पद्धत शिकवतो, पण मूल ती वाजवणारच नसेल तर सगळं वाया. आपल्या घरांतून पोरांनी काही सांडलं, फोडलं, हरवलं की आधी आवाज चढतो. मग रानात एकटं बसलेलं सात वर्षांचं पोर हिशेब काय करणार? की शिट्टी वाजवली तर सगळे येतील, आणि सगळे येऊन रागावतील.

वहिनीनं तिथंच तिला मांडीवर घेतलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. तू हरवलीस आणि कुणी तुझ्या नावानं हाक मारत आलं, तर तो माणूस आम्ही पाठवलेला असतो. त्याला ओ द्यायची. रस्त्यावर कुणी ये म्हटलं तर जायचं नाही, तो नियम वेगळा, हा वेगळा. शिवाय घरच्यांचा एक परवलीचा शब्द ठरला. तो इथं लिहीत नाही, पण तो भाचीनंच निवडला आणि पाहुण्यांच्या फराळातला आहे. दुसरी गोष्ट तिच्या बाबांनी सांगितली, "शिट्टी वाजवलीस तर कुणी रागावणार नाही. चुकून वाजवलीस तरी नाही. उगीच घाबरून वाजवलीस तरी नाही. मी शब्द देतो."

मग पुन्हा केलं. या वेळी मावशी निम्म्या वाटेत असतानाच तीन लांब शिट्ट्या आल्या. मावशी तिथवर पळत गेल्या, त्या वयात, चपला हातात घेऊन, आणि तिला उचलून घेऊनच आल्या. "माझी बाय ती, कशी गुणाची," म्हणत तिच्या हातात भजीचं पुडकं दिलं. पैसे घ्यायला काही केल्या तयार नव्हत्या.

संध्याकाळी परत साताऱ्यावरून यवतेश्वर घाट चढून कासमार्गे बामणोलीला. कासची फुलं केव्हाच संपलेली, तलावावर मात्र धुकं उतरत होतं. बामणोलीत शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या काठावर मुक्काम. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा आणि धरणातल्या माशाचं कालवण. थंडी कडक होती. स्वेटर तर हवाच, कानटोपीही ठेवा.

जेवणानंतर टॉर्च. तीन वेळा आखूड उजेड, तीन वेळा लांब, तीन वेळा आखूड. एसओएसची, म्हणजे संकटात मदत मागायची, ही खूण 1906 च्या बर्लिनच्या परिषदेत बोटींच्या तारायंत्रासाठी ठरली आणि 1908 पासून जगभर लागू झाली. मुलं पाण्याकडे टॉर्च मारणार एवढ्यात नाववाले मामा म्हणाले, "पाण्याकडं नगा मारू बाळांनो. पल्याडनं कुनीबी बघितलं तर नाव काढंल." पूर्वी फोन नव्हते तेव्हा पलीकडच्या काठावरून दिवसा धोतर हलवायचं आणि रात्री कंदील, मग अलीकडून नाव जायची, असं त्यांनी सांगितलं. बाळंतपण असलं तर कंदील गोल फिरवायचा. "मग जेवत असला मानूस तरी उठायचा." धरणात गावं गेली आणि उरलेली माणसं काठाकाठानं विखुरली. त्यांच्यासाठी ही खूण म्हणजे दवाखान्याची वाट होती. आम्ही टॉर्च तंबूच्या कापडावर मारून शिकलो.

रविवार: वासोटा

वासोट्यासाठी सकाळी लवकर नंबर लावा. ओळखपत्र सगळ्यांचं हवं. वन खात्याची परवानगी, मग बोट. पलीकडे चौकीवर प्लास्टिकच्या वस्तू मोजून लिहून घेतात आणि परतताना तेवढ्याच दाखवाव्या लागतात. गडावर खायला काही मिळत नाही, मुक्कामाला परवानगी नाही आणि संध्याकाळच्या आत खाली यावं लागतं. पावसाळ्यात गड बंद असतो. रेंज मात्र बाराही महिने नाही. निदान आमच्यापैकी कुणाच्याही फोनला नव्हती.

बोटीतून जाताना पाण्यावर धूर उठावा तसं धुकं. मुलांच्या पिशव्यांत प्रत्येकी एक मोठी भगवी कचऱ्याची पिशवी होती, चौकीवर नोंदवलेली. पाऊस किंवा थंडी आली तर तोंडासाठी मोठं भोक पाडून ती अंगात घालायची. अंग कोरडं राहतं आणि लांबून दिसतं. भोक आधी, पिशवी नंतर, हे मुलांना ठासून सांगायला हवं.

वनरक्षकांनी गळ्यातल्या शिट्ट्या बघितल्या आणि मुलांना जवळ बोलावलं. हे अभयारण्य आहे, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. इथं मजेसाठी आवाज करायचा नाही. "पण खरंच गरज पडली तर विचार करायचा नाही. वाघाला पण कळतं." भाची एवढी खूश झाली की उरलेली सगळी वाट तिनं शिट्टी मुठीत धरून काढली आणि एकदाही तोंडाला लावली नाही.

मारुतीच्या मूर्तीपासून दाट जंगल सुरू होतं. ऊन खाली पोचत नाही, पाचोळा घोट्यापर्यंत, आणि चढ दमवणारा. मधल्या टप्प्यावर वनरक्षक आमच्याबरोबर चालत होते. लोक हरवतात ते चढताना नाही, उतरताना, असं त्यांनी सांगितलं. दमलेले असतात, वळण चुकतं, पाण्याचा आवाज येतो आणि लोक नाळेत, म्हणजे ओढ्याच्या अरुंद, उतरत्या घळीत शिरतात. नाळ खाली गावाला जाईल असं वाटतं. ती जाते धबधब्याच्या कड्यावर. तिथून खाली जाता येत नाही आणि वर चढायचं त्राण उरत नाही. "वाट चुकली वाटलं की थांबायचं. जिथं शेवटची पायवाट दिसली तिथवर मागं यायचं आणि बसायचं." शेजारून कॉलेजची मुलं चालली होती, त्यांच्यातल्या एकानं विचारलं की लोक शिट्टी का वाजवत नाहीत. वनरक्षक म्हणाले, "लाजतात. मोठी माणसंच जास्त लाजतात. रात्र होईपर्यंत म्हणतात, आत्ता सापडेल वाट." मी भाचीकडे बघितलं. ती फार लक्ष देऊन ऐकत होती.

माथ्यावर महादेवाच्या देवळापाशी डबे उघडले. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, उरलेल्या चकल्या. मग बाबूकडा. हा कडा बघून बोलायला शब्द सापडत नाहीत. इंग्रजी यू अक्षरासारखा वळलेला काळा कातळ, त्याखाली कोकणात उतरणारं हिरवं जंगल, समोर जुना वासोटा. कॉलेजच्या पोरांनी एक आरोळी ठोकली आणि ती कड्याला आपटून दोनदा परत आली. वनरक्षकांनी त्यांना गप्प केलं, पण धाकट्याचा प्रश्न तयार होता, "मग खरी हाक कुठून आली हे कसं कळणार?" त्यांनी उत्तर दिलं: एका हाकेवरून कळत नाही. कडा फसवतो. म्हणून शिट्ट्यांच्या मधली शांतता लागते. शोधणारा थांबतो, मान फिरवून ऐकतो, दहा पावलं सरकून पुन्हा ऐकतो. सतत फुंकत बसणाऱ्याला उत्तरही ऐकू येत नाही. वीसपर्यंत मोजायचं ते कशासाठी, हे मुलांना आता समजलं.

उतरताना थोरली सगळ्यात पुढे आणि नवरा सगळ्यात मागे, मुलं मधे. प्रत्येक वळणावर पुढचा थांबून मागचा दिसेपर्यंत वाट बघणार, हा नियम. पाय लटपटत होते, जळवा मात्र या दिवसांत नव्हत्या. चौकीवर पिशव्या मोजून दिल्या, हिशेब बरोबर निघाला.

सोमवार: परतीचा रस्ता

सकाळी बामणोलीहून निघालो. धुकं इतकं की कासच्या पठारावर दहा हातांपलीकडचं दिसत नव्हतं. भावानं गाडी कडेला घेतली, पार्किंगचे दिवे चालू केले आणि धुकं विरायची वाट बघत बसलो. तेवढ्या वेळात फोनचा धडा उरकला. महाराष्ट्रात 112 या एकाच नंबरावर पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका मिळते. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि अडचणीतल्या मुलांसाठी 1098 आहे. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीची असेल तर 112 लागू शकतो, म्हणून रेंज नाही म्हणून लावायचाच नाही असं करू नये. सरावासाठी मात्र हा नंबर लावायचा नाही. आम्ही फोन बंद ठेवून नाटक केलं. मी पलीकडचा माणूस.

"मी कुठून बोलते आहे" हे सांगणं सगळ्यात अवघड गेलं. धाकटा म्हणाला, "डोंगरावर." थोरली म्हणाली, "कासजवळ." मग किलोमीटरचे दगड, देवळं, फाटे, पवनचक्क्या, धरणं, जे दिसतं ते सांगायचं असं ठरलं, आणि आधी जागा, मग काय झालं, मग माणसं किती. नाव शेवटी, कारण फोन मधेच तुटला तर नावाचा उपयोग नसतो. समोरचा ठेवेपर्यंत आपण फोन ठेवायचा नाही.

यवतेश्वराच्या घाटात ऊन आलं आणि खाली सातारा दिसला. पोवई नाक्याजवळ गाडी लावून कंदी पेढे घेतले, खमंग, खव्याचा रंग नीट उतरलेले. दुकानात गर्दी होती. भाचीनं माझा हात सोडून काउंटरपलीकडच्या बाईंना स्वतःहून सांगितलं, "माझी आत्या हरवली तर तुम्ही तिच्या नावानं हाक मारा हं. ती ओ देईल, आम्ही शिकवलंय."

पुढच्या महिन्यात थोरलीच्या शाळेची सहल आहे. तिनं वर्गशिक्षिकांना विचारून ठेवलंय की बसमध्ये दहा मिनिटं मिळतील का. शिट्ट्यांची ऑर्डर मी दिली आहे, बिनगोळीच्या, भगव्या दोरीच्या. पालकांच्या सभेत माझं म्हणणं मी आधीच लिहून काढलंय, आणि त्यात शिट्टीपेक्षा जास्त ओळी रागावण्याबद्दल आहेत.